दोन धारांच्या बोलीवर आणलेली शेगडी

आमच्या आत्तींना कुठलीही वस्तू समोरून बघायला आवडत नसे. भांड्याच्या दुकानात घागर घ्यायला जायच्या आणि घागरीकडे पाठ करून दुकानदाराशी पावसापाण्याचं बोलत बसायच्या. मग उठता उठता सहज हात लागल्यासारखं करून घागरीला एक टिचकी मारायच्या. म्हणायच्या, "समोरनं बघितलं की मानूस बी शानं हुतंय आन् म्हस बी. तिला वाटाय पायजे, हिचं ध्यानच न्हाय."

आत्ती म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. नाव तुळसा. आमच्याकडे आत्याला आत्ती म्हणतात, कानडी मुलूख जवळ म्हणून असेल. त्यांचा नवरा लवकर गेला. पदरात एक मुलगा, दत्तू. फुलेवाडीच्या पुढे ओढ्याला लागून त्यांचा थोडा मळा होता. मळ्यात दोन खोल्यांचं कौलारू घर, दारासमोर गोठा आणि बाकी चारी बाजूंनी ऊस. दत्तूभाऊजी शिकून कचेरीत कारकून झाले आणि शिवाजी पेठेत आमच्या शेजारी बिऱ्हाड करून राहिले. त्यांनी आईला चल चल म्हणून पुष्कळ सांगितलं. आत्ती एवढंच विचारायच्या, "म्हसरं कुठं बांधू? तुज्या पलंगाला?"

अंगानं त्या उंच आणि हाडापेरानं मोठ्या. पायात पुरुषांसारख्या जाड वहाणा. बोळाच्या तोंडाशी कुणाशी बोलायला लागल्या की बोळाच्या शेवटच्या घरात कळायचं, आत्ती आल्या. तालमीच्या कट्ट्यावर बसलेली दांडगी मुलंसुद्धा पाय आवरून घ्यायची. मी मुळात कमी बोलणारी. त्यांच्यासमोर तर मी तोंडच उघडत नसे. त्या मला "मुके" अशीच हाक मारायच्या. पण या घरात मी आले ती त्यांच्याच शब्दावर.

कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात गेलं त्याच्या आसपासची गोष्ट. माझं माहेर नेसरीचं. मला बघायला ही मंडळी आली. मी पाटावर येऊन बसले. सासऱ्यांनी नाव विचारलं आणि मला ते सांगता येईना. दुसऱ्यांदा विचारलं, तरी येईना. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. वडिलांचा चेहरा उतरला. मी उठले आणि आत पळाले. आत्ती बैठकीत नव्हत्याच, त्या पहिल्यापासून आमच्या चुलीपाशी बसून माझ्या आईला म्हशीची पेंड कुठून आणता ते विचारत होत्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, असं मला वाटलं. जाताना मात्र बैलगाडीत चढता चढता त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "पोरगी बोलत न्हाय. पर रडायच्या आदी वतू जानारं दूध तिनं खाली उतरलं आन् मग रडाय बसली. हिला घ्या." तेवढ्यावर लग्न ठरलं.

संध्याकाळी आत्ती दोन्ही म्हशी घेऊन गंगावेशीला यायच्या. आमच्या गावाची ती पद्धतच आहे. गिऱ्हाईक तांब्या घेऊन उभं राहतं आणि त्याच्यादेखत धार काढून दूध देतात. धारेच्या दुधाला फेस फार येतो आणि त्यावरून भांडणंही होतात. एकदा कोट-टोपीतले एक गृहस्थ म्हणाले, "बाई, यात फेसच जास्त दिसतोय." मी तिथे दूध न्यायला उभी होते. आत्तींनी त्यांच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि कट्ट्यावर ठेवलं. "फेस माजा, दूध तुमचं. बसू दे त्येला खाली."

मागची माणसं कुरकुरायला लागली. कुणीतरी म्हणालं, "आक्का, आम्हाला तरी द्या की."

"रांगंतच ऱ्हावा पावणं. ज्येला घाई असंल त्येनं फेस प्यावा."

फेस बसला, तेवढं दूध त्यांनी वरून घातलं, आणि मगच म्हशीखाली परत बसल्या. ते गृहस्थ पुढे कायम त्यांच्याकडेच दूध घ्यायचे.

म्हैस घ्यायची ती वडगावच्या बाजारात. तिथे व्यापारी आणि गिऱ्हाईक एका फडक्याखाली हातात हात घेतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. बाईमाणसाच्या पदराखाली हात द्यायला व्यापारी लाजायचे, म्हणून आत्तींनी आपल्या नवऱ्याचा जुना पंचा त्या कामाला ठेवलेला होता. भाव ठरला तरी व्यवहार पुरा होत नसे. म्हैस दोन वेळा पिळून बघायची, एकदा संध्याकाळी आणि एकदा सकाळी. याला दोन धारांची बोली म्हणतात. "पयल्या धारंला म्हस मालकाच्या भ्यानं दूध देती," आत्ती सांगायच्या. "दुसऱ्या धारंला खरं काय ते कळतंय." आणि दुसऱ्या धारेनंतर गिऱ्हाइकानं तक्रार करायची नाही, हाही त्याच बोलीचा भाग. म्हैस मग आटू दे, मारू दे, ती आपली. आत्तींनी एकदा एक देखणी म्हैस अशीच घेतली, पंधरवड्यात तिनं लाथा मारायला सुरुवात केली. व्यापारी ओळखीचा होता, पण त्याला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. ती आटेपर्यंत पाय बांधून पिळली.

माझ्या लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील, त्या पावसाळ्यात आत्तींना दम्यानं धरलं. गुडघे आधीच गेले होते. पहाटे धारेला बसल्या की उठताना म्हशीच्या पाठीला धरून उठायच्या. कोल्हापूरला थंडी ती कसली, असं बाहेरची माणसं म्हणतात. त्यांनी मार्गशीर्ष-पौषात ओढ्याकाठच्या उसात एक पहाट काढावी. कौलातून दव गळतं आणि घोंगडं हाताला ओलं लागतं. आत्ती बाजेशेजारी कोळशाची शेगडी ठेवून झोपायच्या. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि दत्तूभाऊजींना सांगितलं, त्या घरातून एक तर धूर बाहेर काढा, नाही तर यांना बाहेर काढा. गार हवाही सोसायची नाही म्हणाले.

स्वयंपाकाची चूल बाहेर छपरात नेता आली. ऊब कुठून आणायची हा प्रश्न राहिला. त्याच दवाखान्यात आत्तींच्या गुडघ्यांना तांबड्या दिव्याचा शेक देत असत. डॉक्टर समजावून सांगायचे, यातून डोळ्यांना न दिसणारे किरण येतात, ते हवा तापवत बसत नाहीत, समोरच्या माणसाला तापवतात. आत्तींनी दिव्याखाली हात उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "ऊनच हाय की हे. डबीत घाटल्यालं."

मग दत्तूभाऊजी आणि आत्ती यांच्यात आमच्या पुढच्या सोप्यात बसून ठरलं ते असं.

"आई, संक्रांतीपर्यंत बघू. तोवर एकदा जरी दम लागून तुला दवाखान्यात टाकावं लागलं, तर म्हशी विकायच्या आणि पेठेत यायचं. मग मला काही सांगायचं नाही."

"आन् न्हाय लागला तर?"

"तर रहा मळ्यात. मी पुन्हा विषय काढणार नाही."

"बोलीवर?"

"बोलीवर."

"ठरलं तर," आत्ती म्हणाल्या आणि चहाची बशी पालथी घातली. त्यांचं ठरलं म्हणजे दगडावरची रेघ, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दत्तूभाऊजींनाही. मला वाटतं, ते संक्रांतीची वाट बघत होते. आईनं जवळ राहावं एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यात वाईट काही नव्हतं.

शेजारच्या मळ्यात विहिरीवर मोटर बसली होती. त्या तारेवरून आत्तींच्या घरात एक दिवा आला होता. विजेची शेगडी तिथं चालेल, जाड वायर ओढावी लागेल, असं वायरमननं सांगितलं. शेगडी घ्यायला जाताना आत्तींनी मला बरोबर घेतलं. मी चौथी शिकलेली, वस्तूवरचा कागद वाचेन म्हणून.

महाद्वार रस्त्याला विजेच्या सामानाचं एक दुकान होतं. मालक तरुण, चष्मा लावलेले, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी तीन शेगड्या काढून मांडल्या. एक पत्र्याची पेटी होती, तिच्या फटींतून गरम हवा यायची. दुसरी भाकरीच्या तव्यासारखी सपाट, वर उघडी तार. तिसरी पितळी परात उभी करावी तशी, आतून आरशासारखी चकचकीत, मध्ये पांढऱ्या शंकूवर तार गुंडाळलेली आणि खाली एक पाय.

आत्ती रिवाजाप्रमाणे पाठ करून बसल्या. "मुके, कागद वाच."

कागद इंग्रजीत होता. मी तसं हळूच सांगितलं.

"मग तुला काय शोभंला आनलंय व्हय?" म्हणाल्या आणि मालकांकडे वळल्या. "पावणं, हिचं गाव कुठलं?"

"विलायती आहे आक्का."

"हितलं पानी सोसंल का तिला?"

"पाणी लागू द्यायचंच नाही. कोरड्या फडक्यानं पुसायची."

"लाथ मारती?"

मालकांना आधी कळलं नाही. मग हसून म्हणाले, "ओल्या हातानं धरली तर मारणार. कोरड्या हाताला काही करत नाही."

"मग म्हसरापरास गुनाची हाय. म्हस कोरड्या हाताला बी मारती."

मालकांनी एकेक शेगडी लावून दाखवायला सुरुवात केली. पेटी लावली, तशी दुकानात छान ऊब आली. मला तीच आवडली. आत्ती म्हणाल्या, "दार उघडा. आन् त्यो वरचा पंखा फिरवा."

"आक्का, पंखा लावल्यावर ऊब राहील कशी?"

"माजं दार उगडंच असतंय. बाजंवनं मला गोठा दिसाय लागतोय, आन् दार लावलं की छाती दाटती. दार लावून ऊब काय, चार मानसं बसली तरी येती."

पंखा फिरला आणि पेटीची सगळी ऊब रस्त्यावर गेली. तव्यासारख्या शेगडीची धग सरळ वर, छताला. मग परात लावली. तार लाल झाली. आत्ती तिच्याकडे पाठ करून स्टुलावर बसल्या आणि मालकांना त्यांच्या मुलाबाळांचं विचारायला लागल्या. वर पंखा, समोर उघडं दार. बऱ्याच वेळानं त्यांनी हात मागे नेऊन आपल्या लुगड्याला लावून बघितला. तोंडावर काही दिसू दिलं नाही. दवाखान्यातल्या दिव्यासारखीच ही, हे मात्र त्यांना पाठीनं कळलं होतं.

"तांबूस दिसती. मला काळी पायजे हुती," त्या म्हणाल्या. ही घासाघिशीची सुरुवात होती. पिशवीतून नवऱ्याचा पंचा काढून त्यांनी हातावर टाकला आणि मालकांपुढे धरला.

मालकांचे कान लाल झाले. दोन्ही हात पाठीमागे नेऊन म्हणाले, "आक्का, इथं एकच भाव. लिहून लावलेला आहे."

"लिवल्याल्या भावासंगं बोलायचं कसं? त्यो काय ऐकतोय?" पंचा त्यांनी घडी करून परत ठेवला. "बरं, भाव तुमचा. पर दोन धारा माज्या."

दोन धारा म्हणजे काय ते मालकांना समजावण्यात अर्धी सकाळ गेली. शेवटी, वायरमनबरोबर शेगडी मळ्यात न्यायची, एक संध्याकाळ आणि एक सकाळ लावून बघायची, पसंत पडली तर ठेवायची, असं ते कबूल झाले. बहुतेक मागची गिऱ्हाइकं खोळंबली होती म्हणून.

सोबतीला मी मळ्यात राहिले. संध्याकाळची धार काढून आत्ती आल्या, दार उघडं ठेवून शेगडीसमोर बसल्या. पहाटे पुन्हा तेच. बाहेर धुकं इतकं की गोठ्यातल्या म्हशींचे नुसते डोळे दिसत होते. आत्ती दुधाची कासंडी घेऊन आल्या, शेगडीकडे पाठ केली, आणि दोन्ही पाय लांब करून बसल्या. मी त्यांना पाय लांब करून बसलेलं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"घेतली," त्या म्हणाल्या. उठून शेगडीच्या पायाला हळदकुंकू लावलं.

मी पेठेत परत आले. त्यानंतर दुपारी मळ्यात जे झालं, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

खेड्यापाड्यात नवं भांडं तसंच्या तसं चुलीवर चढवत नाहीत. जी बाजू आगीकडे जायची, तिला राख आणि मातीचा पातळ लेप देतात. त्याला लेवण म्हणतात. लेवण दिलं की भांडं करपत नाही, काळं पडत नाही, जन्मभर टिकतं. लेवण न देता भांडं चुलीवर ठेवणारी बाई म्हणजे आळशी, असं आम्हीसुद्धा मानायचो. आत्तींनी नव्या शेगडीकडे बघितलं. इतकी चकचकीत परात आणि आग तिच्या पोटातच. वीज बंद होती, हात कोरडे होते. त्यांनी राख-माती कालवली आणि तारेला धक्का न लावता परातीला आतून सगळीकडून सुबक लेवण देऊन टाकलं. उन्हात वाळवलं, फडक्यानं गुळगुळीत केलं. कुठं फट ठेवली नाही.

त्या दिवसापासून शेगडीची धग येईना. तार लाल व्हायची, परातीच्या मागचा पत्रा चटका बसावा इतका तापायचा, आणि पुढे बसलेल्या माणसाच्या पाठीला मात्र काही कळायचं नाही. आत्तींनी जवळ ओढून बघितली, बाजूला करून बघितली. मग त्यांनी मनाशी ठरवलं, ही आटली. विकणाऱ्यानं दोन धारा दिल्या, त्यात ती चांगली निघाली. आता तक्रार करायची नाही. दुकानदाराला सांगितलं नाही, दत्तूभाऊजींना तर नाहीच. कोळशाची शेगडी डॉक्टरांनी बंद करायला लावली होती म्हणून तीही पेटवली नाही. मार्गशीर्ष गेला, पौष लागला, आणि आत्ती ओल्या घोंगड्यात त्या लाल तारेपुढे बसून राहिल्या. भाऊजी रविवारी जायचे. शेगडी लावलेली दिसायची. "कशी आहे?" म्हटलं की आत्ती म्हणायच्या, "हाय की."

संक्रांतीला आठवडा राहिला असताना शेजारच्या मळेवाल्यानं त्यांना बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं. ओठ निळे पडले होते. दोन दिवस आम्हाला काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना बोलता आलं. भाऊजी पायाशी बसले होते. आत्ती पहिली गोष्ट बोलल्या ती ही, "थोरली म्हस बिद्रीच्या पावण्याला दे. त्यो जनावराला मारत न्हाय. धाकटीचं मागनं बघू."

"आई, आता ते राहू दे."

"ठरलंय न्हवं आपलं?"

त्या दवाखान्यात असतानाच बिद्रीचा माणूस थोरलीला घेऊन गेला. आत्तींना बरं वाटलं, तसे भाऊजी आणि मी टांगा करून त्यांचं सामान आणायला त्यांच्याबरोबर मळ्यात गेलो. सामान ते काय, दोन बोचकी आणि जातं. आत्ती गोठ्यात गेल्या नाहीत. धाकटी ओरडत होती. शेजारच्या मळेवाल्याला तिचं चारापाणी सांगताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

शेगडी आटली, हे दवाखान्यात आत्तींच्या तोंडून निघून गेलं होतं. भाऊजींनी ती उचलली. "ही परत करू. चालत नाही तर ठेवायची कशाला?"

"दोन धारा झाल्यात दत्तू. आता बोलता यायचं न्हाय."

"ती म्हैस नाही, आई."

आत्तींनी वाद घातला नाही. दमच नव्हता. पण त्यांनी शेगडी भाऊजींच्या हातातून घेतली, पायरीवर बसल्या आणि कोरड्या राखेनं आणि फडक्यानं सगळं लेवण काढून टाकलं. मध्ये मध्ये थांबत, धापा टाकत. मी पुढे झाले तर मला हातानं मागे सारलं. "दुसऱ्याच्या दावनीला जनावर घान बांधायचं न्हाय." शेगडी पहिल्यासारखी चकचकीत झाली, तेव्हा त्यांनी ती मांडीवर घेतली आणि टांग्यात बसल्या.

दुकानात भाऊजीच बोलले. आत्ती अपमान झाल्यासारख्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, फळीला टेकून. मालकांनी शेगडी फळीवर ठेवली आणि लावली. मी आत्तींच्या शेजारी होते. तार लाल झाली. जरा वेळानं माझ्या मानेला ऊन लागल्यासारखं झालं. मी आत्तींकडे बघितलं. त्या रस्त्याकडेच बघत होत्या, पण त्यांचे खांदे हळूहळू खाली आले.

"हिला काही झालेलं नाही," मालक म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, लावूनच ठेवा," आत्ती म्हणाल्या. पाठ तशीच ठेवून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि काही न लपवता सांगितलं, "मी हिला लेवण दिल्तं. आतनं."

मालक मोठ्यानं हसले. कुणीच हसत नाही हे बघून थांबले. "आक्का, त्या चकाकीवरच तर सगळं आहे. तारेचे किरण त्या चकाकीवर आपटून समोर येतात. ती लिंपली की सगळी धग परातीतच मुरणार."

"म्हंजे ही आटली न्हवती."

"नाही."

"धनीनच खुळी निगाली," आत्ती म्हणाल्या. एवढंच. पदर डोक्यावर ओढून घेतला आणि टांग्याकडे निघाल्या. चढताना टांग्याच्या लोखंडाला धरून क्षणभर थांबल्या, मग बसल्या. "चला पेठंत. बोली ती बोली."

भाऊजी शेगडी घेऊन रस्त्यात उभे होते. सूटबूटवाला माणूस नव्हे, साधा कारकून, पण टोपी-कोट नीट असायचा. त्या कोटाला राख लागली होती, ती ते झटकत नव्हते. मला वाटलं, आता भाऊजी सुटले. त्यांना हवं होतं तसंच झालं होतं, आणि तेही आईच्याच तोंडानं. त्यांनी शेगडी टांग्यात आत्तींशेजारी बसलेल्या माझ्या मांडीवर ठेवली, टांगेवाल्याशेजारी चढून बसले आणि म्हणाले, "मागं वळवा. फुलेवाडीला."

"दत्तू, ठरलंय आपलं."

"ठरलं होतं ते थंडीनं दम लागला तर. लेवणानं लागला तर काय करायचं, ते कुठं ठरलं होतं?"

टांगेवाला दोघांकडे बघत राहिला. आत्तींनी पुढे वाकून भाऊजींच्या कोटावरची राख झटकली. मग म्हणाल्या, "कारकून झालास त्येचा हा येवढाच उपेग झाला बघ." आणि टांगेवाल्याला, "पावणं, वळवा की. का घोड्याला इचारताय?"

थोरली त्यांनी परत मागितली नाही. बिद्रीच्या माणसानं ती दिलीही असती. "दिली ती दिली," एवढंच म्हणाल्या. एका म्हशीसाठी गंगावेशीपर्यंत चालणं परवडेना, तेही हळूहळू बंद झालं. कट्ट्यावर त्यांची जागा दुसऱ्या कुणी घेतली. भाऊजी आठवड्यातून दोनदा मळ्यात मुक्कामाला जायला लागले. त्यांच्या बायकोनं मला सांगितलं, तिथं जाऊन दोघं मायलेक शेगडीपुढे बसतात आणि कोण कुणाची धग अडवतं यावरून भांडतात.

आत्ती त्यानंतर तीन थंड्या त्या घरात राहिल्या आणि चौथ्या पावसाळ्यात गेल्या. मी त्यांना शेवटचं बघितलं ते तिसऱ्या थंडीत. धाकटी व्याली, चीक घेऊन जा, असा निरोप आला म्हणून मी सकाळी डबा घेऊन मळ्यात गेले. धुकं अजून उसावरून उठलं नव्हतं. दारात पोचले तर बाज भिंतीला उभी करून ठेवलेली, जमिनीवर पोतं अंथरलेलं आणि पोत्यावर ओली रेडी. दिवस भरायच्या आधी झाली होती. पाय काड्यांसारखे. शेगडी तिच्याकडे तोंड करून ठेवली होती, आणि शेगडीच्या मागे, जिथं धग येत नाही तिथं, आत्ती भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"चीक कासंडीत हाय. घे."

मी डब्यात चीक ओतून घेतला. मग म्हणाले, "आत्ती, तुम्ही पुढे बसा. मी तिला धरते."

"अग बाई. बोलतीस की." त्या हसल्या, आणि हसताना खोकल्या. "मला घोंगडं हाय. तिचं केस बी अजून वाळल्यालं न्हाईत." वाकून त्यांनी रेडीला दोन्ही हातांनी दुसऱ्या अंगावर केलं. "आता ही कूस."

रेडीच्या पाठीवरून वाफ निघत होती. तिनं मान उचलली, टाकली, पुन्हा उचलायला बघितलं. आत्तींनी हात लांब करून तिच्या पोटावर ठेवला, श्वास चालतोय का बघायला, आणि तसाच राहू दिला. मी चीक घेऊन बांधावर आले, तेव्हा उघड्या दारातून तो हात दिसत होता, शेगडीच्या तांबड्या उजेडात, खालीवर होणारा.